शेजारच्या टार्गेटवर लागलेली गोळी

ते गृहस्थ दुकानात आले तेव्हा मी काउंटरखाली गुडघ्यांवर बसून एका फ्रेमचा सांडलेला स्क्रू शोधत होते. वरून खणखणीत आवाज आला, "हाय का कोण?"

मी सापडलेला स्क्रू चिमटीत धरून डोकं वर काढलं. सत्तरीच्या आसपासचे, ताठ, मिशा नीट कातरलेल्या, आणि भर दुपारच्या उन्हात पायात चकचकीत पॉलिश केलेले काळे बूट. मी डोळे तपासून चष्मे देते. राजारामपुरीत माझं छोटं दुकान आहे, आणि अठरा वर्षांत माणूस दारातून आत येतानाच मला साधारण कळतं की याला वाचायचा चष्मा लागणार, की मोतीबिंदूसाठी डॉक्टरांकडे पाठवावं लागणार. यांच्याबद्दल काहीच कळेना.

"लांबचं बघताना त्रास होतो?" मी विचारलं.

"न्हाय. रस्त्यापल्याडच्या गाडीचा नंबर वाचून दावू?"

"मग जवळचं?"

"पेपर वाचतोय की रोज. ह्यो चष्मा हाय."

"मग अडचण काय आहे?"

त्यांनी डावा हात समोर सरळ केला आणि बोटांच्या पुढे अजून एक वीतभर हवेत जागा दाखवली. "हितलं दिसत न्हाय. मधलंच तेवढं दिसत न्हाय."

"तिथं काय असतं तुमचं?"

"नळीचं टोक."

"नळाचं?"

"नळाचं न्हवं हो बाई. रायफलच्या नळीचं."

माझ्या हातातला स्क्रू परत खाली पडला.

ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शहराबाहेर, राधानगरी रस्त्याच्या अंगाला एका टेकडीच्या पायथ्याशी एक लहान रायफल क्लब आहे. तिथं ते नवख्यांना शिकवत आणि स्वतःही वयस्कांच्या स्पर्धा खेळत. गेली दोन वर्षं नळीवरचं पुढचं कडं, ज्यातून टार्गेटचा नेम धरायचा, ते धुरकट दिसू लागलं होतं. "तीन दुकानं फिरलो. एकानं दोन भागांचा चष्मा दिला. एकानं म्हटलं, ह्यो नवा घ्या, ह्यात सगळं दिसतंय. मान वर-खाली करून करून पार कोंबड्यागत झालोय. सगळं दिसायचं काय काम हाय? मला एकच जागा बघायचीय."

अठरा वर्षांत असं मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी त्यांना खुर्चीत बसवलं, तासभर भिंगं बदलत राहिले. बाहेर दोन गिऱ्हाईकं वाट बघून निघून गेली, त्याचंही मला भान नव्हतं. नळीच्या टोकासाठी साधारण एक नंबर लागत होता. पण एक दिला की लांबचं टार्गेट पार विरघळून जाई. मग दोन्हीच्या मधलं, अर्ध्याच्या आसपासचं काहीतरी शोधायचं. तेही सापडलं. पण त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या गाल रायफलीच्या हवेतल्या दस्त्यावर टेकवला, मान तिरकी केली, आणि म्हणाले, "आता परत ग्येलं."

मला काय घोटाळा होतोय ते लगेच कळलं. मान तिरकी झाली की डोळा भिंगाच्या मध्यातून बघतच नाही. वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो, आणि तिथं भिंग काही वेगळंच दाखवतं.

"तुम्ही झोपून कसे बघता ते मला प्रत्यक्ष बघावं लागेल," मी म्हणाले.

"मग या की रविवारी," सुभेदार म्हणाले. "सकाळी सातला. उशीर करू नगासा, फुडं वारं सुटतंय."

आम्ही कसबा बावड्यात राहतो. घरात मी, माझे यजमान आणि सासूबाई. यजमानांचा गुळाचा व्यापार आहे. सासूबाईंचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे घरात निम्मं कानडी चालतं आणि मी त्यांना लग्न झाल्यापासून अत्तीच म्हणते. रविवारी सकाळी सहाला मी भिंगांची पेटी घेऊन निघाले तेव्हा अत्तींनी विचारलं, "कुठं गं एवढ्या लवकर?"

"रायफल क्लबवर. एका गिऱ्हाइकाचे डोळे तपासायला."

"अय्यो. ते दुकानात येत न्हाईत?"

"त्यांना झोपून तपासायचंय."

अत्ती माझ्याकडे बघतच राहिल्या. स्कूटर सुरू केल्यावर मला कळलं की आपण काय बोललो. सगळ्या रस्त्याला मी एकटीच हसत होते.

क्लब म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, समोर पन्नास मीटरवर लाकडी चौकटी आणि त्यामागे मातीचा उंच बांध. शेडमध्ये जमिनीवर जाड चटया. एका रजिस्टरात माझी सही घेतली, ओळखपत्र बघितलं. सुभेदारांनी आधी मला पिवळ्या पट्टीच्या मागं उभं केलं, रायफलचा बोल्ट उघडून आतली जागा रिकामी आहे हे मला डोळ्यांनी बघायला लावलं, आणि मगच ते पोटावर झोपले. मी चटईवर त्यांच्या बाजूला आडवी झाले. गाल दस्त्यावर, मान पुढे, डोळा रायफलवरच्या मागच्या बारीक भोकाशी. दुकानात हवेत करून दाखवलेलं आणि हे यात फार फरक होता. ते भिंगाच्या अगदी वरच्या कोपऱ्यातून बघत होते.

माझ्याकडे तपासणीची ती जुनी, जड, गोल फ्रेम होती, जिच्यात भिंगं बदलून घालतात. तीच मी त्यांच्या नाकावर चढवली आणि चिकटपट्टी लावून अशी तिरकी केली की त्या झोपलेल्या मानेत भिंग बरोबर डोळ्यासमोर सरळ यावं. मग एकेक भिंग घालत गेले. अर्धा. त्यांनी "हं" केलं. थोडं वर. "न्हाय, मागचं जा." परत अर्धा, आणि जोडीला त्यांचा तिरका नंबर थोडा फिरवून.

सुभेदार गाल टेकवून तसेच पडून राहिले. बराच वेळ झाला. मला वाटलं, झोप लागली की काय.

"बाई," ते हळूच म्हणाले, "कडं दिसतंय. काळंभोर. तव्यागत."

मग त्यांनी मला मागं जायला सांगितलं, कानावर ते मोठे गोल आवाजरोधक घातले, मलाही दिले, आणि दहा गोळ्या झाडल्या. दवाखान्याच्या खुर्चीतून पळून आलेल्या पेशंटसारखे दिसत होते ते. पण दुर्बिणीतून टार्गेट बघितलं तर सगळी भोकं काळ्या गोलाच्या मध्याला खेटून बसलेली. ते उठून बसले, ती फ्रेम तशीच नाकावर, आणि मिशीतल्या मिशीत हसले.

आणि मग ते जे म्हणाले त्यानं माझे पुढचे सगळे रविवार गेले.

"आता तुम्ही झोपा."

"मी? मला कशाला?"

"भिंग तुम्ही केलं. काय दिसतंय ते बघायला नगो?"

सलवार-कमीजवर मी त्या चटईवर पोटावर झोपले. त्यांनी डावा कोपर कुठं टेकवायचा, उजवा पाय किती दुमडायचा, सगळं सांगितलं. दंडाला चामडी पट्टा आवळला, तो रायफलला अडकवला. रायफल इतकी जड असते हे मला माहीत नव्हतं. पण पट्टा ताणला गेल्यावर ती एकदम माझ्या हाडांवर विसावली, हातांना काही करायलाच उरलं नाही. मी मागच्या भोकाला डोळा लावला.

मी आयुष्यभर लोकांना गोल दाखवत आलेय. लाल-हिरव्या पाट्यांवरचे गोल, टिंबांचे गोल. पण हे काही वेगळंच होतं. बारीक भोकाच्या अंधारात पुढचं कडं, त्या कड्याच्या आत पांढऱ्या उजेडाची एक बारीक रिंग, आणि तिच्या आत टार्गेटचा काळा गोल, लोंबकळल्यासारखा. मी श्वास घेतला की तो खाली जायचा. सोडला की वर यायचा. आणि श्वास अर्धा सोडून थांबले की तिथंच थरथरायचा, माझ्या छातीच्या ठोक्यागणिक. माझे ठोके मला दिसत होते!

"मधला दहाचा गोल किती मोठा हाय सांगू?" सुभेदार बाजूनं म्हणाले. "सदऱ्याच्या बटणाएवढा. तो काय दिसायचा न्हाय. तुम्ही कडी बघा. पांढरं सगळीकडनं सारखं झालं की बोट हळू मागं आणा. गोळी कधी सुटंल त्याचा विचार करू नगा. ती सुटंल."

पांढरं सारखं झालं. बोट मागं आणलं. आणि ती सुटली.

खांद्याला एक छोटासा धक्का, बास. मी इतकी दचकले की "अव्वा!" म्हणून ओरडले. सुभेदारांनी दुर्बिणीत बघितलं. "सात. खाली डावीकडं. आता परत."

मी दहा गोळ्या मारल्या. एक नऊ होता. तो नऊ कळल्यावर मी झोपल्या झोपल्या दोन्ही पाय आपटले चटईवर, त्रेचाळीस वर्षांची बाई, दुकानाची मालकीण. निघताना भिंगांची पेटी शेडमध्येच विसरले आणि परत फिरावं लागलं.

पुढचे काही आठवडे माझं काही खरं नव्हतं. दुकानात सहा मीटरवरच्या पाटीतल्या अक्षरांना मी नकळत कडं लावून बघायची. एक गिऱ्हाईक शेवटची ओळ वाचत होतं आणि मी त्याच्याबरोबर श्वास धरून बसले होते. सुभेदारांचा चष्मा तयार झाला, तो द्यायला मीच क्लबवर गेले. दुकानात बोलावता आलं असतं. तिथं गेल्यावर मी म्हणाले, मला इथं यायचंय. दर रविवारी.

"येळ लागला तुम्हाला इचारायला," ते म्हणाले.

अर्ज, फोटो, डॉक्टरांचा दाखला, सगळं झालं. घरी सांगितलं तेव्हा यजमान जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. "रायफल? अगं, तुझ्यावर कुत्रं भुंकलं तर तू रस्ता बदलतेस."

"कुत्र्याला मारायची नाही."

"मग कुणाला मारणार?" हे अत्ती.

"कागदाला."

"आणि मग?"

"मग त्या कागदाला भोक पडतं, अत्ती."

अत्तींनी यजमानांकडे बघितलं, यजमानांनी वरणाच्या भांड्याकडे. पण नको म्हणालं नाही कुणी.

रायफल घरी आणता येत नाही, ती क्लबच्या कुलपात. म्हणून दुकानाची कपाटं केलेल्या सुताराकडून मी लाकडाचा एक ओबडधोबड आकार करून घेतला, आत वाळू भरून वजन आणलं. दंडाचा पट्टा एका चपला करणाऱ्या कारागिराकडे नेला.

"कशाचा पट्टा? म्हशीला?" त्यानं विचारलं.

"रायफलला."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग जाड लागंल," म्हणाला, आणि असा सुंदर, तेल पाजलेला पट्टा शिवून दिला की तो दंडाला लावला की मला आपण कुणीतरी आहोत असं वाटे.

रोज सकाळी गच्चीवर सतरंजी टाकून मी पोटावर झोपायची. पाण्याच्या टाकीवर मी एक काळं टिंब काढलं होतं. बावड्यात साखर कारखाना सुरू असला की गच्चीवर काळी राख पडते, ती झटकायची, झोपायचं, टिंब धरायचं, श्वास सोडायचा. बाजूला अत्ती मिरच्या वाळत घालत. दोन-चार दिवस नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हालतंय टोक."

"कुठं?"

"डावीकडं जातंय. तू गिळतीस तवा."

आणि खरंच, मी नेम धरला की थुंकी गिळत होते. सुभेदारांच्याही लक्षात आलं नव्हतं ते.

सगळंच काही सरळ गेलं नाही. चौथ्या महिन्यात माझे गुण एकदम घसरले. चांगले नऊ-दहा लागत असताना मधूनच पाच, मधूनच चार. मी भिंगाला दोष दिला, रायफलला दिला, काडतुसांना दिला. सुभेदार ऐकून घेत. मग एका रविवारी म्हणाले, "आज मी भरून देतो. तुम्ही नुसतं मारा." तीन गोळ्या गेल्या. चौथ्या वेळी मी बोट मागं आणलं आणि आवाजच झाला नाही. पण माझा खांदा जोरात पुढं गेला, डोळे मिटले, आणि नळी झटकन खाली गेली.

"गोळीच न्हवती आत, बाई," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही धक्का बसायच्या आदीच धक्का खाताय."

मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. पण मग दर रविवारी हाच खेळ. आत गोळी आहे की नाही, मला माहीत नसायचं. जेव्हा नसायची तेव्हा नळी हलायला नको. हलायची. मग कमी हलायची. एका सकाळी सलग पाच रिकाम्या वेळा ती अशी निश्चल राहिली की सुभेदारांनी त्यांच्या थर्मासमधला चहा मला आधी दिला आणि स्वतःला नंतर घेतला. हे त्यांच्या लेखी पदक होतं.

मग त्यांनी ते पत्र दाखवलं.

जिल्ह्याबाहेरच्या माळावर एक सरकारी फायरिंग रेंज आहे. क्लबला एका रविवारी तिथं मोठ्या बोअरच्या, म्हणजे जाड गोळीच्या रायफलींनी सराव करायची परवानगी मिळाली होती. तीनशे मीटर. पन्नास नाही. तीनशे.

"मला घेणार?" मी विचारलं.

"मग पत्र कशाला दावलं?"

त्या शनिवारी मी पट्ट्याला परत परत तेल लावत बसले. यजमान म्हणाले, मी गाडीनं सोडतो. अत्ती म्हणाल्या, मग मीही येते, येताना नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन करू. अशी आमची यात्रा पहाटे निघाली. डिक्कीत नेमबाजीचं जाड जाकीट, पट्टा, चटई, आणि अत्तींचा धपाट्यांचा डबा.

तीनशे मीटर म्हणजे काय हे तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मोकळा माळ, सुकलेलं गवत, दोन्ही बाजूंना लाल निशाणं, आणि तिकडे दूर मातीच्या भिंतीसमोर चार पांढरे चौकोन, टपाल तिकिटांसारखे. अत्तींनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. "ते? शिवा शिवा. ते तर दुसऱ्याच्या गावात हाय."

नवख्यांना आधी तिकडच्या खंदकात पाठवतात. मातीच्या भिंतीआड, माणसाच्या उंचीपेक्षा खोल चर. त्यात उभं राहून वरचं टार्गेट दोरीनं खाली ओढायचं, भोक बघायचं, त्याच्याशेजारी गोळीचा क्रमांक लिहायचा, वर करायचं, आणि लांब काठीच्या चकतीनं गोळी कुठं लागली ते दाखवायचं. मी आणि क्लबमधली एक महिला पोलीस, आम्ही दोघी एका दोरीवर. टार्गेट वर गेलं. शांतता. मग डोक्यावरून कुणीतरी चाबूक ओढल्यासारखा कडाका झाला, आणि त्याच्यानंतर, हो, नंतर, तिकडून रायफलचा धप्प आवाज आला. गोळी आवाजाच्या आधी पोचली होती! मी त्या पोलीस बाईचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, "ताई, दोरी धरा की, हात कशाला धरताय?" आम्ही दोघी खंदकात उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पुढचा तासभर डोक्यावरून चाबूक ओढले जात होते आणि मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

मग आमची पाळी. सुभेदार दुसऱ्या जागेवर, मी तिसऱ्या. या रायफलीच्या गोळीपुढे माझी रोजची गोळी म्हणजे तांदळाचा दाणा. कानात रबरी बोंडं घातली, वर ते आवाजरोधक गोल चढवले. अत्ती माझ्या मागं दूर झाडाखाली खुर्ची टाकून बसलेल्या, त्यांच्याही कानांवर तसलेच गोल, पदरावरून.

कडं. पांढरी रिंग. काळा गोल. पन्नास मीटरवर असतो तसाच, तेवढाच दिसत होता, पण उन्हाच्या झळीत पाण्यात पडल्यासारखा हलणारा. तिथला दहाचा गोल वाटीच्या तोंडाएवढा, मला माहीत होतं. श्वास अर्धा सोडला. पांढरं सारखं झालं. बोट.

सगळं जग खांद्यावर आदळलं आणि मागं गेलं. धूळ उडाली. मी डोळे उघडे ठेवले होते! नळी हलली नव्हती! आतून काहीतरी सांगत होतं की हा दहाच आहे, याच्याशिवाय दुसरं काही असूच शकत नाही.

माझं टार्गेट खाली गेलं. वर आलं. आणि खंदकातून लाल निशाण डावीकडे-उजवीकडे हलू लागलं. म्हणजे गोळी कुठंच लागली नाही.

माझा विश्वासच बसेना. उंची चुकली? मागच्या भोकाची, नेम सरकवायची कळ उलटी फिरवली? मी कळीचे आकडे परत परत मोजत होते, तेवढ्यात शेजारून आवाज आला, कानातल्या बोंडांतूनही ऐकू येईल असा.

"बाई! माझ्या टार्गेटाला दोन भोकं हायत."

"मग?"

"मी एकच गोळी मारलीय!"

मी मान उचलून बघितलं. झोपताना माझं अंग जरासं डावीकडे वळलं होतं, आणि चारही टार्गेटं सारखीच. नंबर बघायचा असतो हे पन्नास वेळा सांगितलेलं. मी त्यांच्या टार्गेटवर गोळी मारली होती.

"कुठं लागली?" मी विचारलं. लाज वाटायला हवी होती, पण मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

सुभेदारांनी दुर्बिणीत बघितलं, परत बघितलं. "दहा," ते म्हणाले. "माझी नऊ हाय."

सगळी रांग हसायला लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सुभेदार चटईवर उताणे पडून हसत होते, मी केलेला तिरका चष्मा कपाळावर सरकवून. झाडाखालून अत्ती ओरडल्या, "काय झालं? लागलं का कुणाला?"

"लागलं, अत्ती! शेजाऱ्याच्या कागदाला लागलं!"

मग मी नंबर बघितला, अंग सरळ केलं, आणि माझ्या स्वतःच्या टार्गेटवर सुरुवात केली. सात. आठ. मग वारं आलं. उजवीकडची निशाणं फडफडायला लागली आणि माझी गोळी डावीकडे पाचात गेली. मी कळ दोन टिचक्या फिरवली, वारं पडलं, आणि गोळी उजवीकडे गेली.  मी चिडून झोपले होते, तेवढ्यात खुर्ची फरपटल्याचा आवाज आला. अत्ती आमच्या मागच्या पिवळ्या पट्टीपर्यंत येऊन बसल्या होत्या.

"तू वारं असताना टाकतीस," त्या मोठ्यानं म्हणाल्या. कानांवर गोल असल्यामुळे त्या सकाळपासून ओरडूनच बोलत होत्या. "खळ्यावर जोंधळा उपणताना असं केलं तर सगळा भुसा तोंडात. वारं दम खातंय बघ. एकसारखं झालं की टाकायचं. थांब जरा."

सुभेदारांनी माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, ऐका.

मी थांबले. गवत वाकलं, उठलं, वाकलं.

"आता," अत्ती म्हणाल्या.

नऊ.

"थांब. थांब. गवताकडं बघ की. हां, आता."

दहा. खंदकातून ती चकती वर आली आणि बरोबर मध्यावर टेकली. माझ्या टार्गेटवर. माझ्या स्वतःच्या. मी पुढच्या गोळ्या कशा मारल्या, मला धड आठवत नाही. तोंड कोरडं पडलं होतं, खांदा ठणकत होता, आणि मला आणखी हवं होतं. शेजारच्या कागदावरची सोडून दहा गोळ्यांत एकूण ब्याऐंशी गुण झाले. सुभेदारांचे त्र्याण्णव. तेही त्यांच्यासाठी बऱ्याच वर्षांतले सगळ्यात जास्त. त्यांनी उठून मला कडक सलाम ठोकला. मी काय करावं न कळून नमस्कार केला.

"फुडच्या वर्षी राज्याच्या स्पर्धेचा फॉर्म भरायचा," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. तो फॉर्म मी भरला. बावीस जणींत अठरावी आले, आणि घरी परतताना पहिली आल्यासारखी आले. पण ते नंतरचं.

त्या दिवशी मी माझा टार्गेटचा कागद मागून घेतला. मीटरभर लांब, मीटरभर रुंद. गुंडाळी करून अत्तींनी मांडीवर धरली. गाडीत मी अखंड बोलत होते. चाबकाचा आवाज, पोलीस बाईचा हात, नळी कशी हलली नाही. यजमान म्हणाले, "अगं, मी होतो की तिथंच. जरा गप बस, मला रस्ता बघू दे." मी गप बसले आणि अर्ध्या मिनिटानं परत सुरू झाले.

वाडीला पोचलो तेव्हा दुपारची आरती व्हायला वेळ होता. मी चप्पल काढून वळून बघते, तर अत्तींनी गाडीच्या बॉनेटवर तो कागद पसरला होता. चार कोपऱ्यांना चार वस्तू ठेवल्या होत्या, त्यातला एक धपाट्यांचा डबा. पेढ्यांच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघत होता. दोन बायका बघत होत्या. एक रिक्षावाला थांबला.

"पावणं, ह्यो कशाचा नकाशा म्हणायचा?" पेढेवाल्यानं यजमानांना विचारलं.

यजमानांनी तोंड उघडायच्या आत अत्ती म्हणाल्या, "नकाशा न्हवं. आमच्या सुनेनं मारलंय. रायफलीनं."

"व्हय? कितक्या लांबनं?"

"तीनशे मीटर," मी म्हणाले.

"म्हंजे किती?"

मी इकडेतिकडे बघितलं. नदीकडे बोट केलं, पलीकडच्या काठावर एक पांढरी गाडी उभी होती, बोटाच्या नखाएवढी. "ती गाडी दिसते? साधारण तेवढं."

पेढेवाल्यानं त्या गाडीकडे बघितलं, मग कागदाकडे, मग माझ्याकडे, माझ्या धुळीनं माखलेल्या कोपरांकडे. त्यानं मधल्या भोकात अलगद करंगळीचं टोक घालून बघितलं. "आयला," तो म्हणाला, आणि दुकानातल्या बायकोला हाक मारली. ती आली. मग शेजारचा नारळवाला आला. देवळात आरतीची घंटा सुरू झाली तरी अत्ती जागच्या हलेनात. त्या कागदावर वाकून, एकेका भोकावर बोट ठेवून, कोणती वारं असताना गेली आणि कोणती त्यांनी थांबायला सांगितल्यावर, ते सगळ्यांना मोठमोठ्यानं समजावून देत होत्या.